काटा हलतच नव्हता!

ऑफिसमध्ये मी डॅशबोर्ड बनवते. गाडीचे नव्हे हो, एक्सेल आणि पॉवर बीआयचे! दर सोमवारी सकाळी साडेनऊला बॉसला लाल-पिवळं-हिरवं चित्र लागतं, आणि ते जमेल तेवढं हिरवं असावं अशी त्याची (न बोललेली) अपेक्षा असते. सहा वर्षं हेच करतेय. त्यामुळे डॅशबोर्ड या विषयातलं आपल्याला सगळं कळतं, असा माझा गोड समज होता. गेल्या मे महिन्यात भिसे खिंडीत तो उतरला. वाफेसकट.

आमच्याकडे एक मॅटाडोर आहे. एमएच-०६ नंबरची, बाबांनी १९९८ मध्ये सेकंडहँड घेतलेली. मागच्या सीट कमी करून (आरसी बुकात रीतसर नोंद करून, बाबा त्यात पक्के!) त्यांनी तिथे घडीचा पलंग, शेगडीपुरता ओटा आणि पाण्याची टाकी बसवली. काशीद, मुरूड, दिवेआगर, हरिहरेश्वर... माझ्या लहानपणीच्या सगळ्या सुट्ट्या त्या गाडीत झोपलेल्या आहेत. 'कॅम्पर व्हॅन' हा शब्द मी पुढे कॉलेजात ऐकला. २०२१ मध्ये राज्य सरकारने कॅराव्हॅन टुरिझमचं धोरण आणलं, तेव्हा बाबा पेपर बाजूला ठेवून म्हणाले, "आपण तेवीस वर्षं आधीच आणलंय."

तर, मे महिना. रोह्याहून पेणला मावशीकडे निघालो होतो. बाबा मागे पलंगावर आडवे, आई माझ्या शेजारी, स्टिअरिंगवर मी. नागोठण्याच्या आधी भिसे खिंडीचा चढ लागला. दुपारचा एक वाजलेला, सेकंड गिअर, पुढे वाळूचा डंपर. मी शहाण्या मुलीसारखी दर मिनिटाला टेंपरेचरच्या काट्याकडे बघत होते. काटा मधोमध. अगदी शांत.

आधी वास आला. मग गाडीने ओढ सोडली. आणि मग दोन सीटच्या मधल्या इंजिन कव्हरखालून वाफेचा लोट! मागून बाबा ओरडले, "बंद कर! आधी बंद कर!" होज पाइप फाटून पाणी केव्हाच गेलं होतं. उरलंसुरलं उडालं ते आईच्या पायावर. टम्म फोड आला. हेड गॅस्केट गेलं, हेडचं फेसिंग करावं लागलं, गाडी तीन आठवडे गॅरेजला.

आणि काटा? इंजिन बंद केलं तेव्हाही मधोमध!

डॅशबोर्डच्या मागे

इंजिन दुरुस्त झाल्यावर मी ठरवलं, आता हे जुनाट मीटर बदलायचेच. ऑनलाइन एक भन्नाट डिजिटल क्लस्टर बघून ठेवला होता. निळे आकडे, टॅबलेटसारखा स्क्रीन, एकदम विमानाचं कॉकपिट. तो कार्टमध्ये टाकून, बाबांना घेऊन पेण गाठलं. जुन्या गाड्यांचं वायरिंग मनापासून करणारा एक इलेक्ट्रिशियन तिथे आहे.

दादाने स्पीडोमीटरची केबल सोडवली, क्लस्टर पुढे ओढला आणि टॉर्च मारला. मग बराच वेळ काहीच बोलला नाही.

"ताई, हे बघा."

टेंपरेचर मीटरची वायर इंजिनकडे जातच नव्हती. डॅशबोर्डच्या मागेच तिला एक जाडसर रेझिस्टन्स जोडला होता आणि त्याचं दुसरं टोक बॉडीला अर्थ केलं होतं. म्हणजे चावी फिरवली की काटा मधोमध येणार आणि तिथेच बसणार. इंजिन थंड असो, उकळत असो, त्याला पत्ताच नाही.

माझी तार सटकली. "कुठल्या मूर्ख मिस्त्रीने केलंय हे? आईचा पाय भाजला याच्यामुळे!"

दादा खाली बघत होता. सोल्डरिंग इतकं सुबक होतं, की मिस्त्रीचं नाहीच हे त्याला कळलं असणार. बाबा म्हणाले, "मी."

आता हे माझे बाबा कोण, ते सांगायला हवं. रोह्याजवळच्या धाटाव एमआयडीसीत, एका केमिकल कारखान्याच्या इन्स्ट्रुमेंट डिपार्टमेंटमध्ये त्यांनी ३१ वर्षं काढली. प्रेशर गेज, टेंपरेचर गेज काढायचे, तपासायचे, कॅलिब्रेट करून परत लावायचे, हेच काम. चुकीचा आकडा दाखवणारा गेज म्हणजे काय, हे त्या माणसाला झोपेतसुद्धा माहीत आहे.

परतीच्या वाटेवर वडखळला चहा घेताना त्यांनी सांगितलं. २०१४ मध्ये सेन्सरची वायर सैल झाली होती. काटा मध्येच उडी मारून लाल पट्टीत जायचा. आई घाबरायची, गाडीतून उतरायची, एकदा तर रिक्षा करून परत घरी गेली. बाबांना कानावर आणि नाकावर भरवसा होता. इंजिनाचा आवाज बदलला की त्यांना कळायचं. म्हणून आईला दिलासा मिळावा यासाठी त्यांनी तो रेझिस्टन्स टाकला. तात्पुरता. पुढच्या रविवारी वायर नीट करू म्हणून.

तो रविवार काही आला नाही. आणि या मे महिन्यात कान-नाकवाला ड्रायव्हर मागे झोपला होता. पुढे बसलेल्या मुलीकडे विश्वास ठेवायला फक्त काटा होता.

"कंपनीत कुणी असं केलं असतं ना," बाबा कप ठेवत म्हणाले, "तर मी त्याला गेटबाहेर काढलं असतं."

घरी आईला सांगितलं. मला वाटलं, आता महाभारत. ती फक्त एवढंच म्हणाली, "अहो, मी घाबरले असते. पण उतरले तरी असते ना?"

डिजिटल क्लस्टर मी त्याच रात्री कार्टमधून काढला.

आपला तो टेम्पो

मॅटाडोर ही तशी आपली घरची गाडी. १९५८ मध्ये बजाज टेम्पोने जर्मनीच्या टेम्पो कंपनीशी करार करून तीनचाकी बनवायला सुरुवात केली. मालवाहू गाडीला आपण सरसकट 'टेम्पो' म्हणतो ना, तो शब्द इथलाच! १९६९ मध्ये मॅटाडोर आली. पुढे तिने शाळेची मुलं नेली, पेशंट नेले, वऱ्हाडं नेली. २००५ मध्ये कंपनीचं नाव फोर्स मोटर्स झालं. गंमत म्हणजे इन्स्टाग्रामवरच्या त्या क्यूट फोक्सवॅगन कॅम्परशीही तिचं लांबचं नातं आहे. १९४९ च्या जर्मन मॅटाडोरमध्ये फोक्सवॅगनचंच इंजिन होतं. आणि त्या क्यूट व्हॅनच्या सुरुवातीच्या मॉडेल्समध्ये पेट्रोलचा काटाच नसायचा. गाडी आचके द्यायला लागली की रिझर्व्हची कळ फिरवायची. आपल्या जुन्या स्कूटरसारखंच की!

भांड्यातलं सत्य

मग आम्ही बापलेकीने काम काढलं. पहिला प्रयोग रोह्याच्या स्वयंपाकघरात. नवा सेन्सर तारेने बांधून पाण्याच्या भांड्यात लटकवला, शेजारी बाबांचा जुना थर्मामीटर, सेन्सरला मल्टिमीटर, खाली गॅस. मी आकडे लिहीत होते. ४० अंशांना २८५ ओहमच्या आसपास, ८० ला ७०, पाणी उकळलं तेव्हा ४० च्या खाली. पाणी तापतं तसा रेझिस्टन्स उतरतो आणि मीटर तेवढंच मोजतो. जुना रेझिस्टन्स मोजला, ६८ ओहम! म्हणजे साधारण ८० अंश. बाबा हिशेब करूनच खोटं बोलले होते. (आईचा निकाल : "ते भांडं आता चहाला घ्यायचं नाही.")

एक गोष्ट मला इथे कळली. मीटर आणि सेन्सर ही जोडी असते. एका कंपनीचा मीटर आणि दुसऱ्याचा सेन्सर लावला, तर काटा हलेल, पण भलतंच सांगेल. डिझेलच्या काट्याचंही तेच. युरोपियन पद्धतीचा फ्लोट रिकाम्या टाकीला १० ओहम दाखवतो आणि भरल्यावर १८०. अमेरिकन पद्धतीचा बरोबर उलटा, रिकाम्याला २४० आणि भरल्यावर ३३. जोडी चुकली की टाकी भरल्यावर काटा खाली!

दुसरी गोष्ट जास्त भीतीदायक. पाणी पूर्ण गेलं की चांगला सेन्सरसुद्धा फसू शकतो, कारण त्याच्याभोवती पाणीच उरत नाही. म्हणून रेडिएटरच्या पाण्यासाठी वेगळा लेव्हल सेन्सर आणि बझर बसवला. पाणी कमी झालं की आधी तो बोंबलेल.

मग जुना अँपिअर मीटर काढून व्होल्टमीटर लावला. अँपिअर मीटरमधून चार्जिंगचा सगळा करंट जातो, म्हणजे जाड वायर थेट डॅशबोर्डमध्ये. आता गाडीत छोटा फ्रिज, दिवे, मोबाइल चार्जर, सगळा लोड वाढलेला. तीस वर्षांच्या वायरला तो झेपेल ही खात्री नको. व्होल्टमीटरचं सोपं आहे : इंजिन बंद असताना १२.६ च्या आसपास, चालू असताना १३.८ ते १४.४. रात्री १२ कडे सरकायला लागला, की फ्रिज बंद करून झोपायचं.

स्पीडोमीटर मात्र जुनाच ठेवला. केबलने आत एक चुंबक फिरतो, तो भोवतालच्या वाटीला ओढतो आणि स्प्रिंग तिला मागे खेचते. एवढं साधं यंत्र. केबल बदलली, वंगण दिलं आणि सरळ रस्त्यावर फोनच्या जीपीएसशी ताडून पाहिलं. काटा ६० वर, तेव्हा फोनवर ५६. चालतंय! जीपीएसवाला स्पीडोमीटर का नको? एक्स्प्रेस-वेच्या भातान बोगद्यात शिरलात की उत्तर मिळेल.

पेणची आखणी

राहिला प्रश्न रूपाचा. डायलवरचे पांढरे आकडे उन्हाने पिवळे पडले होते, दोन तर वाचताच येत नव्हते. दादा म्हणाला, "ताई, पेणमध्ये बसून रंगाची काय चिंता?" त्याच्या ओळखीचा एक कारागीर हमरापूरला गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करतो. पेण, हमरापूर, जोहे इथल्या कारखान्यांतून मूर्ती देशभर जातात, परदेशातही जातात. मूर्तीचं बाकी काम कितीही जण करोत, डोळ्यांच्या आखणीला ठरलेलेच हात लागतात.

त्या हातांनी आमच्या डायलवर ० ते १२० लिहिलं. बारीक कुंचला, श्वास रोखून. काट्यांना शेंदरी रंग दिला. पैसे विचारले तर म्हणाला, "गणपतीच्या डोळ्यात चूक झाली तर तो माफ करतो. याच्यात झाली तर पोलीस पकडतील!"

पेणच्या आरटीओत पासिंगही झालं. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी ते करावंच लागतं.

पावसाळा संपल्यावर पहिली ट्रिप काढली. तीच भिसे खिंड, स्टिअरिंगवर मीच. यावेळी बाबा शेजारी आणि आई मागे, पण तिची मान आमच्या दोघांच्या मधून पुढे. काटा ८० वरून ८५, मग ९२. पहिल्यांदाच तो हलताना बघत होते. खरं सांगू? पोटात गोळा आला. मधोमधच्या शांत काट्याची सवय फार वाईट.

"वर चाललाय हो," आई म्हणाली.

गाडी कडेला घेतली. इंजिन थोडा वेळ तसंच चालू ठेवलं, थर्मासमधला चहा काढला. दहा मिनिटांत काटा ८० वर. मग निघालो. कुणी उतरलं नाही, रिक्षाही लागली नाही.

तो रेझिस्टन्स आता ऑफिसमध्ये माझ्या मॉनिटरला चिकटवून ठेवलाय. सोमवारी एखादा लाल चौकोन 'तात्पुरता' पिवळा करायचा मोह झाला, की त्याच्याकडे बघते.

जुन्या गाडीचे मीटर बदलताय?

• दोन-तीन काटे एकदमच चुकत असतील तर आधी क्लस्टरची अर्थ वायर आणि व्होल्टेज स्टॅबिलायझर तपासा. मीटर बहुतेक वेळा ठीक असतात.

• मीटर आणि सेन्सर जोडीनेच घ्या.

• क्लस्टर सोडवण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा आणि प्रत्येक वायरचा फोटो घ्या.

• डॅशबोर्डचे बल्ब एलईडी करायला हरकत नाही, पण चार्जिंगच्या लाल दिव्याचा बल्ब तसाच ठेवा. अनेक जुन्या गाड्यांत त्यातून जाणाऱ्या करंटवरच अल्टरनेटर जागा होतो.

• स्पीडोमीटर बदललाच तर जुन्याचं किलोमीटर रीडिंग लिहून, बिलासकट जपून ठेवा. चालू स्पीडोमीटर कायद्याने बंधनकारक आहे.

• सीट, बॉडी, इंजिन यात बदल करायचा असेल तर आधी आरटीओची परवानगी.

• आणि काटा महिनोन्महिने हललाच नाही तर खूश होऊ नका. डॅशबोर्डच्या मागे टॉर्च मारा!