भाला हाताने फेकतात, असं वाटतं

विरार लोकल मीरा रोडला शिरताना कचकन ब्रेक लागला, की दांडा न धरलेल्या माणसाचे पाय गाडीबरोबर थांबतात आणि वरचं अंग पुढे फेकलं जातं. भालाफेकीचं निम्मं शास्त्र हेच. फक्त तिथे ब्रेक खेळाडू स्वतः लावतो, डाव्या पायाने.

उजव्या हाताचा खेळाडू धावत येतो, शेवटच्या पावलांत पायावरून पाय टाकत आडवा होतो आणि उजवा पाय टेकतो. अंग मागे रेललेलं, हात मागे ताणलेला. इथे नवशिके हाताची घाई करतात. खरं काम कमरेचं असतं. उजवी टाच बाहेर वळते, गुडघा फेकीच्या दिशेला फिरतो, त्यामागून खुबा पुढे येतो. खांदा मात्र अजून मागेच. धड पिळलं जातं. तेवढ्यात डावा पाय टाचेवर आदळतो, गुडघा ताठ. कंबर अडते आणि तिचा वेग धडात, खांद्यात, कोपरात, शेवटी मनगटात चढत जातो. 800 ग्रॅमचा भाला ताशी शंभर किलोमीटरच्या वर सुटतो. डावा पाय टेकल्यापासून हे सगळं सेकंदाच्या साधारण दहाव्या हिश्शात!

डावा गुडघा वाकला, की वेग तिथेच जिरतो. डावा पाय फार उजवीकडे पडला, तर कमरेला फिरायला जागाच उरत नाही. मग हात एकटा ओढतो आणि कोपर दुखायला लागतं.

या तंत्राची किंमतही आहे. धावतं अंग एका पायावर अडवायचं आणि त्याच क्षणी कंबर पिळायची, तर जांघेवर जबर ताण येतो. 2022च्या जागतिक स्पर्धेत 88.13 मीटरवर रौप्य मिळवलेला नीरज चोप्रा जांघेच्या दुखापतीमुळेच लगेचच्या राष्ट्रकुल स्पर्धेला मुकला. असं तंत्र शिकवणारे त्याचे तेव्हाचे प्रशिक्षक क्लाउस बार्टोनिट्झ मुळात बायोमेकॅनिक्सचे, म्हणजे शरीराच्या हालचालींच्या शास्त्राचे तज्ज्ञ, हा योगायोग नसावा.

भाल्याला किमान 30 मीटरची धावपट्टी लागते, पुढे भाला पडायला मोकळं रान. मीरा रोडच्या टॉवरांमध्ये ते कुठून आणणार? पण पायांचा सराव भाल्याशिवायही होतो. चार पावलं, उजवा, डावा, थांब. मातीवर केलात तर ठसेच बोलतात: डाव्या टाचेचा खड्डा खोल हवा, आणि उजव्या चवड्याची फरफटलेली रेघ त्याच्या मागे.