घरच्या प्लगवर गाडीचं वेल्डिंग

उसाचा हंगाम लागला की करमाळ्यातून जाणाऱ्या नगर–टेंभुर्णी रस्त्यावर भरलेल्या ट्रॉल्यांची रीघ लागते. उजनीच्या पाण्यावर तालुक्यात ऊस वाढला, तशी दारात ट्रॅक्टर, ट्रॉली, पिकअप, छोटा हत्ती अशी वाहनंही आली. त्यांचं काही ना काही निखळतच असतं. आज फाळक्याची बिजागरी, उद्या सायलेन्सरचा पाइप, पावसाळ्यानंतर केबिनचा गंजलेला पत्रा. मग घरीच एखादं छोटं वेल्डिंग मशीन घ्यावं, असा विचार पुढे येतो. तो चुकीचाही नाही. दोघांनी उचलायचं तांब्याच्या वाइंडिंगचं धूड जाऊन इन्व्हर्टर मशीन आता एका हातात मावतं.

गिऱ्हाइकाची नजर पहिल्यांदा खोक्यावरच्या ‘२००’ अँपिअरवर जाते. फसगत इथेच होते. रॉडने २०० अँपिअरवर वेल्डिंग करताना आर्कवर साधारण २८ व्होल्ट असतात, म्हणजे नुसत्या आर्कलाच ५,६०० वॅट हवेत. घरातला मोठा १६ अँपिअरचा प्लग २३० व्होल्टला जेमतेम ३,६८० वॅट देतो. मशीनमध्ये वाया जाणारी वीज आणखी वेगळी. म्हणून घरच्या प्लगवर १२ नंबरचा, म्हणजे अडीच मिलिमीटरचा रॉड ७०-८० अँपिअरवर नीट चालतो. १० नंबरला प्लगची दमछाक होते आणि एमसीबी पडतो. जाड लोखंडाचंच काम असेल तर आधी वेगळी, जाड वायरची लाइन ओढावी आणि मग मशीन बघावं.

त्यात गावाकडचा व्होल्टेज. मोटारी सुरू असताना तो १८० वर आला, तर त्याच प्लगमधून २,९०० वॅटही निघत नाहीत. रॉड चिकटायला लागतो आणि दोष मशीनवर जातो. लांबलचक बारीक एक्स्टेंशन वायरने तर उरलासुरला दाबही जातो. त्यामुळे किती कमी व्होल्टेजपर्यंत मशीन चालतं, हे दुकानदाराला विचारायलाच हवं. ड्यूटी सायकलही विचारावी. ६० टक्के म्हणजे दहा मिनिटांत सहा मिनिटं काम आणि चार मिनिटं विसावा. हा हिशेब बहुधा ४० अंश तापमानाचा असतो, आणि करमाळ्याचा उन्हाळा त्याच्याही वर जातो.

आता खरा प्रश्न पत्र्याचा. गाडीच्या बॉडीचा पत्रा पाऊण मिलिमीटरच्या आसपास असतो. त्याला रॉड लावला की टाका बसण्याआधी भोक पडतं, आणि भोक बुजवायला गेलं की ते रुंदावत जातं. बॉडीसाठी रॉडऐवजी तारेवर चालणारं मिग मशीनच घ्यावं. त्यातली ०.८ मिलिमीटरची तार ४०-६० अँपिअरवर वितळते, म्हणजे घरचा प्लग निवांत पुरतो. कारागीर सलग रेघ ओढतच नाहीत. इथे एक ठिपका, वीतभर अंतरावर दुसरा, मधला वेळ पत्रा निवायला. मग मधल्या जागा भरत जायचं. घाई केली की पत्रा तापून लाटेसारखा वाकतो आणि पुढे पुट्टीचे थर चढतात.

मिगला गॅस लागतो, आणि उघड्या अंगणात वारा तो उडवून नेतो. मग वेल्डला जाळीसारखी छिद्रं पडतात. अशा जागी बिनगॅसची फ्लक्स तार बरी. ठिणग्या जास्त उडतात, पण काम होतं. तार बदलली की मशीनची जोडणीही उलटवावी लागते. गॅसच्या तारेला टॉर्च पॉझिटिव्ह, बिनगॅसच्या तारेला निगेटिव्ह. हे न केल्यामुळे चांगलं मशीनही बिघडलेलं वाटतं. सिलिंडर कुठे भरून मिळतो, हे मात्र खरेदीआधीच बघावं.

गाडीवर काम करताना बॅटरीची तार सोडावी आणि अर्थिंगचा चिमटा वेल्डच्या अगदी जवळ लावावा. करंट बेअरिंगमधून गेला तर बेअरिंग खराब होतं. जस्ताचा मुलामा आधी घासून काढावा, कारण त्याच्या धुराने ताप येतो. डिझेलची टाकी रिकामी दिसली तरी आतली वाफ पेट घेते, म्हणून टाकीला हात लावू नये. सीएनजीचा सिलिंडर, स्टिअरिंगचे भाग आणि ट्रॉलीचा हूक जाणत्या कारागिराकडेच द्यावेत.

आणि घरगुती मीटरवर पैसे घेऊन शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या गाड्या जोडायला सुरुवात केली, तर २००३च्या वीज कायद्याच्या कलम १२६ खाली तो अनधिकृत वापर ठरतो. धंदाच करायचा असेल तर महावितरणकडून आधी त्या वर्गवारीचं कनेक्शन घ्यावं.