कमानीखालचा संगणक

चीनने 1 जानेवारी 2020 रोजी महामार्गांवरचे प्रांतसीमेचे 487 टोलनाके बंद केले. आता रस्त्यावरच्या कमानीखालून गाडी न थांबता जाते आणि तिची नोंद जवळच्याच संगणकावर होते. दूरच्या डेटा सेंटरला विचारत बसायला वेळ कुठे? असे जवळपास 1 लाख संगणक सांभाळतं ‘क्यूबएज’ हे सॉफ्टवेअर. हुवावे कंपनीने ते 2018 मध्ये सर्वांसाठी खुलं केलं.

त्याचा पाया ‘कुबरनेटिस’चा. गूगलने सुरू केलेली ही प्रणाली डेटा सेंटरमधल्या भरवशाच्या नेटवर्कसाठी घडलेली. एखादा संगणक गप्प झाला, की मूळ सेटिंगनुसार साधारण 5 मिनिटांनी ती त्याचं काम दुसऱ्याला देते. डोंगरातल्या कमानीचं काम शहरातल्या संगणकाला देऊन काय उपयोग? गाड्या तर डोंगरातूनच जाणार!

म्हणून क्यूबएज प्रत्येक संगणकातच त्याच्या कामांची यादी एका लहान डेटाबेसमध्ये ठेवतं. संपर्क तुटलेला असताना वीज जाऊन आली, तरी तो यादी वाचून कामाला लागतो. जाणता गडी मालकाच्या फोनसाठी थांबत नाही, तसा. मला तरी ही युक्ती वेगापेक्षा मोलाची वाटते.

पसारा लहान असेल तर मात्र ‘केथ्रीएस’ बघावं. रँचर कंपनीने 2019 मध्ये आणलेली ही कुबरनेटिसचीच सडपातळ आवृत्ती 100 एमबीहून लहान एकाच फाइलमध्ये मावते आणि ‘रास्पबेरी पाय’ या छोट्या संगणकावरही चालते. दोन्हींसाठी परवाना शुल्क नाही. कमानीवर चढून बिघडलेली डिस्क बदलणाऱ्याचा पगार मात्र द्यावाच लागतो.