शोधचौकटीच्या खोड्या

फेब्रुवारी 2000. ग्रॅमी सोहळ्याला जेनिफर लोपेझ ‘व्हर्साचे’चा हिरवा ड्रेस घालून आली आणि लोक गुगलवर तुटून पडले. त्यांना हवा होता फोटो, गुगल दाखवत होतं नुसत्या निळ्या लिंका. पुढच्याच वर्षी ‘गुगल इमेजेस’ सुरू झालं. त्याचं मूळ या ड्रेसमध्ये आहे, हे कंपनीच्याच एरिक श्मिट यांनी नंतर लिहून टाकलं.

आपल्यासाठी असं नवं दालन कोण उघडणार? आहे त्याच चौकटीला कामाला लावू. "लोणार सरोवर" असं अवतरणचिन्हांत लिहिलं, की गुगल हे शब्द याच क्रमाने शोधतं. पुरणपोळीचा इतिहास हवाय, कृती नकोय? मग शेवटी -रेसिपी जोडा. उणे चिन्ह मात्र शब्दाला चिकटूनच हवं. मध्ये जागा सोडलीत तर सगळं मुसळ केरात. पूर्वी अधिकचं चिन्हही चालायचं. 2011 मध्ये ‘गुगल प्लस’ हे समाजमाध्यम आलं आणि त्याच वर्षी ते चिन्ह काढून घेतलं. पुढे प्लसही गाशा गुंडाळून गेलं, चिन्ह काही परतलं नाही!

पाल्हाळ लावणाऱ्यांना एक सूचना: 32 शब्दांपुढचं गुगल वाचतच नाही.

विकिपीडियाची तऱ्हा वेगळी. शीर्षक तंतोतंत जुळलं, की तो थेट लेखात नेऊन सोडतो. इतर कुठे उल्लेख आहे ते पाहायचंय? शब्दाआधी ~ लावा, यादी हजर.

खरी मजा मराठीत. ‘पुणे’ टाकलंत, पण पानावर आहे ‘पुण्याच्या’. गुगल अंदाज बांधतं, साध्या संकेतस्थळांच्या चौकटी मात्र अनेकदा ढिम्म. तिथे ‘पुण्या’ एवढंच टाकून बघा. ‘दऱ्या’मधला ऱ्य तर दोन तऱ्हांनी टंकता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच. काही चौकटींना मात्र परके.

आणि युनिकोडच्या आधीच्या फॉण्टांतल्या जुन्या फायली! पडद्यावर सुबक देवनागरी, आत मात्र बहुधा इंग्रजी अक्षरांची खिचडी. तिथला मजकूर कॉपी करून दुसरीकडे चिकटवा. भलतीच अक्षरं उमटली, तर मराठी शब्दाचा नाद सोडा आणि फाइलचं नाव काय असेल ते इंग्रजीत टाकून पाहा.