भिंतीतले स्पीकर : आधी भिंत पाहा, मग दुकान

मुंबईच्या बीडीडी चाळींत १६० चौरस फुटांच्या खोलीत पिढ्या काढलेल्या कुटुंबांना पुनर्विकासात ५०० चौरस फुटांची घरे मिळू लागली आहेत. वरळीतील पहिल्या कुटुंबांच्या हाती ऑगस्ट २०२५ मध्ये किल्ल्या आल्या. इतर वस्त्यांतूनही अनेक जण नव्या इमारतींत राहायला जात आहेत. नवे घर म्हटले की हौस आलीच. टीव्हीच्या दोन्ही बाजूंना भिंतीत बसवलेले स्पीकर हवेत, असा आता मुलांचा आग्रह असतो.

हा आग्रह नुसत्या चैनीचा आहे असे समजू नये. आजचे टीव्ही पाटीसारखे पातळ असतात. त्यांतील स्पीकर लहान आणि बहुधा खाली किंवा मागे तोंड केलेले असतात. वयोमानाने कान आधी उंच पट्टीचे आवाज सोडतात, आणि 'स', 'श', 'त' या व्यंजनांची धार नेमकी तिथेच असते. म्हणून घरातील म्हातारी माणसे म्हणतात, "आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत." मग आवाज वाढवला जातो आणि दहावीच्या मुलीच्या अभ्यासाचे नुकसान होते. ऐकणाऱ्याकडे तोंड केलेला बरा स्पीकर असेल तर कमी आवाजातही शब्द स्पष्ट कळतात. तेव्हा खर्च करण्यात गैर काही नाही, मात्र तो डोळसपणे करावा.

ही वस्तू कोणत्या भिंतीसाठी?

स्पीकरचा पडदा पुढे आवाज फेकतो, तसाच मागेही फेकतो. दोन्ही आवाज एकमेकांत मिसळले की भरदार, खालच्या पट्टीचा आवाज मारला जातो. म्हणून साध्या स्पीकरला पेटी असते. भिंतीतल्या स्पीकरला बहुधा पेटी नसते. भिंतीची पोकळीच त्याची पेटी होते.

अमेरिकेतील बहुतेक घरांच्या आतील भिंती अशा पोकळ असतात. सोळा-सोळा इंचांवर लाकडी उभे दांडे, मध्ये साडेतीन इंचांची पोकळी आणि वरून अर्धा इंच जाडीचे जिप्समचे बोर्ड. तिथे बोर्ड कापून स्पीकर आत सरकवतात आणि स्क्रू पिळला की मागचे चिमटे बोर्डाला पकडतात. काम तासाभराचे. आपल्याकडे भिंत विटांची, ब्लॉकची किंवा काँक्रीटची. पोकळी नाही आणि चिमट्यांना पकडायला बोर्डही नाही. कारागीर "करून देतो" म्हणतो, तेव्हा त्याच्या मनात छिन्नी-हातोडा असतो, हे ध्यानात ठेवावे.

आपली भिंत ओळखा

पहिली काँक्रीटची भिंत. अनेक नव्या उंच इमारतींत अॅल्युमिनियमच्या साच्यांत सबंध भिंतीच काँक्रीटच्या ओततात. त्या इमारतीचा भार पेलतात. अशा भिंतीला, तसेच खांब व तुळयांना, खाच पाडायचीच नाही. हा हौसेचा विषय नाही. वरच्या सर्व मजल्यांच्या जिवाचा विषय आहे.

दुसरी चार इंची भिंत. स्पीकरची खोलीच तीन ते चार इंच असते. म्हणजे खाच पाडता पाडता भोक शेजारच्या खोलीत निघते. ती भिंत दोन घरांत सामाईक असेल तर कटकट ओढवून घेतल्यासारखेच आहे. आमच्या पाहण्यातील एका घरी असेच घडले. स्पीकर बसले, पण शेजाऱ्यांच्या भिंतीला तडा गेला. स्पीकरच्या किमतीहून अधिक पैसे दुरुस्तीला लागले आणि बोलणे बंद झाले ते निराळेच.

तिसरी बाहेरची भिंत. ती जाड असली तरी मुंबई-कोकणच्या पावसात ओल धरते. कागदी पडद्याचा स्पीकर अशा ओलीत टिकत नाही.

भिंत न फोडता

यावर सोपा उपाय आहे. टीव्हीमागे प्लायचे किंवा जिप्सम बोर्डाचे पॅनेल करायचेच असेल, तर ते भिंतीपासून पाच इंच पुढे घ्यावे. आतील पोकळीत स्पीकर बसतो, भिंतीला केवळ चौकटीचे स्क्रू लागतात. पोकळीत रॉकवूल भरावे. आवाज घुमत नाही. चौकट घट्ट नसेल तर प्लाय खडखडतो, तेव्हा तिथे काटकसर करू नये. स्पीकरचा छोटा भाग, म्हणजे ट्विटर, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला, जमिनीपासून सुमारे साडेतीन फुटांवर असावा. दोन स्पीकरमधील अंतर आणि बसण्याची जागा यांचा समभुज त्रिकोण साधला की उत्तम.

पॅनेल करायचे नसेल, किंवा घर भाड्याचे असेल, तर पेटीचे छोटे स्पीकर ब्रॅकेटवर टांगावेत. आवाजात कमीपणा येत नाही आणि घर बदलले तर सामानाबरोबर नेता येतात.

दुकानात काय विचारावे

खोक्यावर हजारो वॅट 'पीएमपीओ' छापलेले असले तर त्याकडे लक्ष देऊ नये. तो क्षणभराचा फुगवलेला आकडा असतो. 'आरएमएस' वॅट विचारावेत. त्याहून महत्त्वाची संवेदनशीलता : एक वॅट दिला असता एक मीटरवर किती डेसिबल आवाज मिळतो ती. ८५ डेसिबलचा स्पीकर एका वॅटमध्ये जितका वाजतो, तितकाच ८८ डेसिबलचा अर्ध्या वॅटमध्ये वाजतो. दहा बाय बाराच्या खोलीला खरे दहा-पंधरा वॅट पुष्कळ झाले.

साडेसहा इंची वूफर आणि एक इंची ट्विटर हे नेहमीचे माप पुरेसे आहे. स्पीकर किती ओहमचा हे पाहावे. अँप्लिफायरवर लिहिलेल्या किमान ओहमपेक्षा तो कमी नसावा. आपल्या कानात बसलेले एखादे भीमगीत सोबत न्यावे. गायकाचा शब्द न् शब्द कळतो का, ढोलकीची थाप आणि चाट वेगळी ऐकू येते का, कोरसचा गोंधळ होतो का, हे हळू आवाजात तपासावे. मोठ्या आवाजात वाईट स्पीकरही चांगला वाटतो.

हिशेब कागदावर मांडा

जाहिरातीतील किंमत फक्त स्पीकरची असते. भिंतीतले स्पीकर स्वतः वाजत नाहीत. अँप्लिफायर वेगळा लागतो. टीव्हीला त्याच्याशी जोडण्याची सोय आहे का हे विचारून घ्यावे. स्पीकर, अँप्लिफायर, वायर व पाइप, पॅनेल, मजुरी, रंगकाम अशा सहा रकमा एकाखाली एक लिहाव्यात आणि मगच बेरीज पाहावी. स्पीकरचा आकडा बेरजेच्या निम्म्याहून अधिक असेल तर काहीतरी सुटले आहे असे समजावे. हप्त्यावर घेणार असाल तर हप्त्यांची पूर्ण बेरीज रोख किमतीशी ताडून पाहावी.

वायर तांब्याची, दीड चौरस मिलिमीटरची घ्यावी आणि २३० व्होल्टच्या वायरीबरोबर एकाच पाइपातून नेऊ नये. लाल टोक लालला, काळे काळ्याला. एका बाजूला उलटे झाले तर आवाज पोकळ येतो. पक्के बिल घ्यावे. तक्रार उद्भवली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार शुल्क लागत नाही.

शेवटचे एक सांगणे. सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. पण शेजारधर्माला नियमाची वाट पाहावी लागू नये. घरातील वृद्धाला शब्द कळावा आणि शेजारच्या मुलाची झोप मोडू नये, असा आवाज ज्या स्पीकरने साधेल तोच आपल्या कामाचा. बंधुभगिनींनो, कारागिराला बयाणा देण्यापूर्वी सोसायटीकडून आपली भिंत कशाची आहे ते लेखी विचारून घ्या. एवढ्या एका चौकशीने मोठा खर्च वाचतो.