विश्लेषण : हॉटेलच्या खोलीचे कायमचे घर होऊ शकते का? धाराशिव-तुळजापुरात बेघरांसाठी कोणता निधी, कोणता मार्ग?

तुळजाभवानी मंदिर परिसराच्या विकासासाठी १,८६५ कोटी रुपयांच्या आराखड्याला राज्य मंत्रिमंडळाने मे २०२५ मध्ये मान्यता दिली. भाविकांची सोय हा अशा आराखड्यांचा गाभा असतो. मात्र तीर्थक्षेत्राच्या गावात भाविकांखेरीज आणखी एक वर्ग असतो. घरच्यांनी सोडलेले वृद्ध, हातावर पोट असलेले मजूर, भिक्षेवर जगणारी माणसे... यात्रा संपल्यावर भाविक परततात, ही माणसे तिथेच राहतात. त्यांना रात्रीपुरता निवारा देण्याची योजना देशात आहे. पण निवाऱ्यातून कायमच्या घरात जाण्याची वाट कोणती? अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने सरकारी पैशातून हॉटेले विकत घेऊन त्यांची घरे केली. तो मार्ग आपल्याकडे शक्य आहे का, याविषयी...

बेघर कोणाला म्हणतात?

जनगणनेच्या व्याख्येनुसार जे रस्त्याकडेला, पदपथावर, पुलाखाली, मंदिराच्या मंडपात किंवा रेल्वे फलाटावर राहतात, ते बेघर. २०११च्या जनगणनेत देशात १७ लाख ७३ हजार बेघरांची नोंद झाली. त्यापैकी ९ लाख ३८ हजार शहरांत होते. २००१ ते २०११ या काळात देशातील एकूण बेघरांची संख्या घटली, पण शहरी बेघरांची वाढली. महाराष्ट्रात ही संख्या सुमारे २ लाख १० हजार होती. ही मोजणी २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीत केली जाते. त्या रात्री जो दिसला नाही तो आकड्यात येत नाही आणि जो आकड्यात नाही त्याच्यासाठी निधी मागणे अवघड होते.

सध्या निधी कशासाठी मिळतो?

लोकसंख्येच्या दर एक लाखामागे शंभर जणांचा एक निवारा हवा, हा निकष सर्वोच्च न्यायालयाच्या २०१०च्या आदेशांमुळे रूढ झाला. २०१३मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात शहरी बेघरांसाठी निवारा हा स्वतंत्र घटक ठेवण्यात आला. माणशी किमान ५० चौरस फूट जागा, पाणी, शौचालय, स्वयंपाकाची सोय आणि चोवीस तास खुले दार अशी अपेक्षा होती. नवी इमारत बांधण्यासाठी किंवा जुनी इमारत दुरुस्त करून वापरण्यासाठी पैसे मिळत. देखभालीसाठीही पहिली पाच वर्षे मदत होती. या अभियानाची मुदत सप्टेंबर २०२४ मध्ये संपली. पाच वर्षांनंतर निवारा चालवायचा कोणी, हा प्रश्न आधीपासूनच होता. आता तो थेट राज्य सरकार आणि नगरपरिषदांच्या दारात आला आहे.

निवारा आणि घर यांत फरक काय?

निवाऱ्यात खाट मिळते, पत्ता मिळत नाही. मोठ्या खोलीत ओळीने अंथरूण टाकायचे आणि सामान जपत झोपायचे. पती-पत्नी आणि मुलांना एकत्र राहता येईलच असे नाही. घरात मात्र आतून कडी लावता येते. तेथील पत्त्यावर शिधापत्रिका निघते, मुलांना शाळेत घालता येते, निराधार अनुदानाचा अर्ज करता येतो.

पण घरकुल योजनेचे दार बहुधा जागेच्या कागदापाशी अडते. स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्याला अनुदान मिळते, ज्याच्या नावावर जागाच नाही त्याला ते घेता येत नाही. ग्रामीण भागासाठी यावर उपाय म्हणून राज्य सरकारने पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाने जागा खरेदीसाठी अर्थसाहाय्य योजना आणली. त्यातील मदत ५० हजारांवरून एक लाख रुपयांपर्यंत वाढवली. शहरात, बसस्थानकाबाहेर झोपणाऱ्या माणसाला तिचा उपयोग नाही.

हॉटेलची घरे करण्याची कल्पना कुठून आली?

२०२०च्या टाळेबंदीत पर्यटन थांबले आणि हॉटेले ओस पडली. त्याच वेळी निवाऱ्यातील दाटीमुळे संसर्गाची भीती होती. कॅलिफोर्नियाने आधी बेघरांसाठी हॉटेलच्या खोल्या भाड्याने घेतल्या. त्या उपक्रमाचे नाव ‘रूमकी’. त्याच वर्षी ‘होमकी’ ही पुढची योजना आली. तीत शहरे, काउंटी आणि गृहनिर्माण संस्थांना हॉटेल, मोटेल विकत घेऊन त्यांची घरे करण्यासाठी थेट अनुदान देण्यात आले. पहिल्या टप्प्यात ९४ ठिकाणी सुमारे सहा हजार खोल्या मिळाल्या.

हिशेब सरळ होता. हॉटेलच्या खोलीला स्नानगृह, पाणी, वीज आधीच असते. उरते ते छोटे स्वयंपाकघर आणि दुरुस्ती. कॅलिफोर्नियाच्या राज्य लेखापरीक्षकांनी एप्रिल २०२४च्या अहवालात म्हटले की, होमकीमध्ये एका घरामागे राज्याचा सरासरी खर्च सुमारे १ लाख ४४ हजार डॉलर आला. नव्याने बांधलेल्या घराचा खर्च ३ लाख ८० हजार ते ५ लाख ७० हजार डॉलरच्या घरात होता. मात्र एकूण बेघर निर्मूलनाच्या खर्चातून किती जण कायमचे स्थिरावले, याचा पाठपुरावा राज्याने नीट केला नाही, असा ठपकाही त्याच अहवालात होता.

भारतात असे काही झाले आहे का?

हॉटेल विकत घेण्याची योजना भारतात नाही. जवळचे उदाहरण म्हणजे जुलै २०२०मध्ये केंद्र सरकारने मंजूर केलेली परवडणाऱ्या भाड्याच्या घरांची योजना. सरकारी पैशातून बांधलेली पण रिकामी पडलेली घरे दुरुस्त करून स्थलांतरितांना भाड्याने देणे हा तिचा एक भाग होता. चंडीगड, गुजरात, राजस्थान, उत्तराखंड आणि जम्मू-काश्मीर येथे मिळून ५,६४८ घरे अशी वापरात आली. या यादीत महाराष्ट्र नाही. सप्टेंबर २०२४पासूनच्या शहरी पंतप्रधान आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात भाड्याच्या घरांचा घटक कायम असून लाभार्थ्यांत बेघर आणि निराधारांचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे तिथे जागेचा कागद नसला तरी दार बंद नाही.

धाराशिव जिल्ह्याला कोणता अनुभव आहे?

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारी परिसर हादरला. लातूर जिल्ह्यातील औसा तालुक्याबरोबरच तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील उमरगा, लोहारा भागात, सास्तूरसारख्या गावांत मोठा विध्वंस झाला. लोक आधी पत्र्याच्या शेडमध्ये राहिले. नंतर जागतिक बँकेच्या कर्जासह सरकारी पैशातून ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली. तात्पुरत्या छपराकडून कायमच्या घराकडे नेण्याचे काम सरकारी यंत्रणा करू शकते, हे या जिल्ह्याने पाहिले आहे.

त्यातला एक तपशील महत्त्वाचा. स्थलांतरित गावांत २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची घरे देण्यात आली आणि कोणाला कोणते, हे जमिनीच्या मालकीवरून ठरले. भूमिहीनाला सर्वांत लहान घर मिळाले, पण मिळाले. गावातला रहिवासी ही ओळख त्याला पुरली. आज रस्त्यावर झोपणाऱ्याकडे तीही नसते.

तुळजापूर-धाराशिवात काय करता येईल?

धाराशिव शहराची लोकसंख्या २०११मध्ये एक लाखाच्या थोडी वर होती, म्हणजे न्यायालयाच्या निकषानुसार एक निवारा. तुळजापूरची सुमारे ३४ हजार, म्हणजे निकषात बसतच नाही. पण नवरात्रात आणि पौर्णिमेला तिथे लाखो भाविक येतात आणि त्या गर्दीवर पोट असणारेही येतात. कायम लोकसंख्येवर बेतलेला निकष तीर्थक्षेत्राला अपुरा पडतो.

दुसरीकडे, यात्रेच्या गावात लॉज भरपूर असतात आणि त्यांचा धंदा हंगामी असतो. बंद पडलेला किंवा विक्रीला आलेला लॉज नगरपरिषदेने घेऊन एकट्या वृद्धांसाठी आणि छोट्या कुटुंबांसाठी भाड्याच्या खोल्या करणे, हा नव्या बांधकामापेक्षा जलद मार्ग ठरू शकतो. रिकाम्या सरकारी इमारती वापरल्या तर खरेदीचा खर्चही वाचेल.

अडचणी कोणत्या?

पहिली, परवानगीची. व्यापारी इमारत निवासी करायची तर वापरबदल, अग्निसुरक्षा, सांडपाणी यांची तपासणी आली. दुसरी, जमिनीच्या भावाची. आराखड्यातील कामे सुरू झाली की मंदिर परिसरातील भाव चढतील आणि आज परवडणारा लॉज उद्या हाताबाहेर जाईल. तिसरी सर्वांत मोठी, चालू खर्चाची. इमारत एकदाच घेतली जाते, पण वीज-पाणी बिल, सफाई, व्यवस्थापक, आजारी माणसाला दवाखान्यात नेणारा कोणी, हा खर्च दरमहा असतो. होमकीतही चालू खर्चासाठीची मदत मर्यादित काळापुरतीच होती. भिक्षेवर जगणाऱ्याकडून मिळणाऱ्या भाड्यात हा खर्च भागणार नाही. ‘आमच्या गल्लीत नको’ हा विरोधही गृहीत धरावा लागेल.

पुढे काय?

आगामी जनगणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ आहे. त्याआधीच्या रात्री तुळजापूरच्या पायऱ्यांवर, धाराशिवच्या बसस्थानकात किती जण झोपले होते, हे नीट मोजले गेले तर पुढील दशकासाठी मागणीला आधार मिळेल. पण तीर्थक्षेत्राचा आराखडा त्याआधीच आकार घेतो आहे. त्यात भाविकांच्या निवासाबरोबर बेघरांसाठी एखादी इमारत आणि तिच्या किमान दहा वर्षांच्या देखभालीची तरतूद धरायची की नाही, हा निर्णय कामांच्या निविदा निघण्यापूर्वीच घ्यावा लागेल. नंतर जागाही महाग होईल आणि निधीही वाटला गेलेला असेल.