प्रोग्रॅमच्या दारावरची पाटी

लिनक्सवर लाँचर उघडायचा, दोन-तीन अक्षरे टाइप करायची, की हवे ते ॲप्लिकेशन आपल्या चिन्हासह पुढे येते. लाँचर ग्नोम वा केडीई या डेस्कटॉप प्रणालींचा असो किंवा एखाद्या हौशी प्रोग्रॅमरने एकट्याने लिहिलेला असो, यादी जवळपास तीच दिसते. ॲप्लिकेशन कोणी लिहिले, कोणत्या मार्गाने संगणकावर आले, लाँचर लिहिणाऱ्याने त्याचे नाव तरी ऐकले होते का, यातल्या कशानेच फरक पडत नाही. एकमेकांना कधीही न भेटलेल्या माणसांच्या कामाची ही गाठ घालून देते ती काही ओळींची एक साधी मजकूर फाइल. तिला डेस्कटॉप फाइल म्हणतात.

प्रोग्रॅम जिथे ठेवलेले असतात त्या डिरेक्टऱ्या चाळाव्यात, हा उपाय आधी सुचतो. डीमेन्यू हा छोटा, चपळ लाँचर तेच करतो. ‘पाथ’ या चलात नोंदवलेल्या डिरेक्टऱ्यांत चालवता येण्याजोगे जे जे आहे ते सगळे तो मांडतो. आज्ञा तोंडपाठ असणाऱ्याला तेवढे पुरते. पण डेस्कटॉप संगणकाच्या ‘/यूएसआर/बिन’मध्ये हजारावर फाइली सहज असतात. तिथे ‘एलएस’ आणि ‘ग्रेप’ या आज्ञांच्या रांगेतच फायरफॉक्सही उभा असतो. यातला खिडकी उघडणारा कोण, त्याचे चिन्ह कोणते, माणसे त्याला काय म्हणतात, हे फाइलीकडे पाहून कळत नाही. ग्नोमचा ‘फाइल्स’ हा प्रोग्रॅम तिथे ‘नॉटिलस’ या नावाने असतो. ‘फाइल्स’ शोधणाऱ्याने तो कसा ओळखावा?

म्हणून लिनक्सने दुसरा मार्ग धरला. प्रोग्रॅमने स्वतःची ओळख स्वतःच लिहून ठरलेल्या जागी ठेवायची. दारावरच्या पाटीसारखी ही व्यवस्था आहे: आत कोण राहते हे शोधायला घरात शिरावे लागत नाही.

ही पाटी सगळ्यांना वाचता यावी यासाठी मात्र दोन प्रतिस्पर्ध्यांना एकत्र बसावे लागले. माथियास एट्रिच यांनी १९९६मध्ये केडीई सुरू केले. पुढच्याच वर्षी मिगेल दे इकाझा आणि फेडेरिको मेना यांनी ग्नोमची सुरुवात केली. प्रत्येकाचा मेन्यू आपापल्या पद्धतीने चाले, त्यामुळे एका घरचा प्रोग्रॅम दुसऱ्या घरी अनोळखी ठरण्याची भीती होती. हॅवक पेनिंग्टन यांनी २०००मध्ये फ्रीडेस्कटॉप हा उपक्रम सुरू केला. तिथे दोन्ही बाजूंच्या लोकांनी ज्या गोष्टी समान असाव्यात त्यांचे नियम लिहून काढले. डेस्कटॉप फाइलीचा मसुदा त्यांतलाच. तो पाळायला कोणी कोणाला भाग पाडू शकत नव्हते. सोयीचा होता, म्हणून तो टिकला.

फाइल उघडली तर सुरुवातीला चौकटी कंसात ‘डेस्कटॉप एंट्री’ असे लिहिलेले दिसते. खाली ‘नेम’मध्ये नाव, ‘आयकॉन’मध्ये चिन्ह, ‘कॅटेगरीज’मध्ये मेन्यूतला विभाग आणि ‘कीवर्ड्‌स’मध्ये शोधताना जुळावेत असे शब्द असतात. ‘एक्झेक’ या ओळीत प्रत्यक्ष चालवायची आज्ञा असते. तिच्यात टक्केचिन्हापुढे ‘एफ’ किंवा ‘यू’ हे अक्षर आले, की त्या जागी उघडायच्या फाइलीचे नाव किंवा इंटरनेटवरचा पत्ता भरायचा. घाईने लिहिलेले लाँचर इथेच अडखळतात. ते ओळ जशीच्या तशी चालवतात, आणि प्रोग्रॅम त्या टक्केचिन्हालाच फाइलीचे नाव समजून बसतो.

या फाइली ठेवण्याच्या जागाही ठरलेल्या आहेत. सगळ्यांसाठी ‘/यूएसआर/लोकल/शेअर’ आणि ‘/यूएसआर/शेअर’, तर वापरणाऱ्याच्या स्वतःच्या डिरेक्टरीत ‘.लोकल/शेअर’, या प्रत्येकात ‘ॲप्लिकेशन्स’ नावाची डिरेक्टरी. एकाच ओळखीची फाइल दोन ठिकाणी सापडली तर वापरणाऱ्याच्या डिरेक्टरीतली खरी मानायची. या नियमाचे मोल मोठे आहे. मूळ फाइलीची प्रत आपल्याकडे घेऊन तिच्यातले नाव, चिन्ह किंवा आज्ञा बदलायला प्रशासकाची परवानगी लागत नाही. प्रतीत ‘हिडन’ची ओळ लिहिली तर तो प्रोग्रॅम जणू बसवलेलाच नाही असे लाँचरने धरायचे. ‘नो-डिस्प्ले’चा अर्थ वेगळा: प्रोग्रॅम आहे, फाइली उघडायला वापरा, फक्त मेन्यूत दाखवू नका. ‘ट्राय-एक्झेक’मध्ये दिलेला प्रोग्रॅम सापडला नाही, तर ती नोंद वगळता येते. हे सगळे बारकावे जीलिब या लायब्ररीत आधीच सांभाळलेले आहेत. शहाणा लाँचर ते काम तिच्यावर सोपवतो.

जागांची यादी कायमची बंद केलेली नाही, हे या मसुद्याचे दूरदर्शीपण. फ्लॅटपॅक हे ॲप्लिकेशन्स बसवण्याचे साधन आले तेव्हा त्याने आपल्या डेस्कटॉप फाइली ‘/व्हार/लिब/फ्लॅटपॅक’खाली ठेवल्या आणि ती वाट ‘एक्सडीजी डेटा डर्स’ या चलात जोडली. जुन्या लाँचरमध्ये एक ओळही न बदलता नवी ॲप्लिकेशन्स दिसू लागली. फ्लॅटपॅक नव्याने बसवल्यावर एकदा लॉगआउट करावे लागते तेही याचमुळे, कारण हे चल लॉगिनच्या वेळी ठरते. आणि वाटा स्वतःच्या कोडमध्ये पक्क्या लिहून ठेवणारा लाँचर अशा ॲप्लिकेशन्सना मुकतो.

या पद्धतीत धोकाही आहे. डेस्कटॉप फाइल दिसते कागदासारखी, पण तिच्यात आज्ञा असते. २०१९च्या ऑगस्टमध्ये केडीईतला एक दोष उघड झाला. मुद्दाम रचलेली अशी फाइल ठेवलेले फोल्डर नुसते उघडले, तरी तिच्यातली आज्ञा चालत होती. सेटिंगच्या जागी शेलची आज्ञा लिहिण्याची जुनी सोय त्याला कारण होती. केडीईने ती सोयच काढून टाकली. कुठूनतरी उतरवून घेतलेल्या डेस्कटॉप फाइलीवर क्लिक करण्यापूर्वी ती उघडून वाचावी, हा धडा आपल्यासाठी.

मराठी वाचकासाठी या फाइलीत एक हक्काची जागा आहे. ‘नेम’पुढे चौकटी कंसात ‘एमआर’ लिहून प्रोग्रॅमचे मराठी नाव देता येते. तसेच मराठी वर्णन आणि मराठी कीवर्ड्‌सही देता येतात. मराठीत चालणारा संगणक ती ओळ आधी शोधतो आणि नसेल तरच मूळ नाव दाखवतो. या फाइली यूटीएफ-८मध्ये असाव्यात असा नियमच असल्याने देवनागरीसाठी वेगळी खटपट लागत नाही. ‘छायाचित्र’ असे टाइप करून चित्रे पाहण्याचा प्रोग्रॅम सापडावा, यासाठी कोणाच्या कृपेची गरज नाही. एक ओळ पुरते.

प्रोग्रॅम लिहिणाऱ्या मराठी मुलामुलींना म्हणूनच माझे आग्रहाचे सांगणे आहे. डेस्कटॉप फाइल हे उरकून टाकायचे काम समजू नका. ती नीट लिहा, ‘डेस्कटॉप-फाइल-व्हॅलिडेट’ने तपासून घ्या आणि तिच्यात आपल्या भाषेची ओळ घाला. मोफत सॉफ्टवेअरमध्ये मराठी आणण्यासाठी याहून लहान आणि याहून लगेच दिसणारे काम दुसरे क्वचितच असेल.